सूर लावला तरी टिकत नाही: ॲनालॉग ऑसिलेटर आणि जुन्या कीबोर्डचं ट्यूनिंग पुन्हा पुन्हा हलतं तेव्हा

"व्हीसीओ ट्यून धरत नाही", म्हणजे व्होल्टेजवर चालणारा ऑसिलेटर सुरात राहत नाही, ही तक्रार ऐकायला एकच वाटते, पण तिच्या पोटात पाच-सहा वेगळे बिघाड असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. बहुतेकांचा हात पहिल्यांदा बोर्डावरच्या ट्रिमरकडे, म्हणजे कॅलिब्रेशनच्या पेचाकडे, जातो. तो सगळ्यात शेवटी जायला हवा. दोष केबलमध्ये किंवा पॉवर सप्लायमध्ये असताना ट्रिमर फिरवला, तर तेवढ्यापुरतं जुळल्यासारखं वाटतं. पुढे खरा दोष सापडतो, तोवर मूळचं नीट असलेलं कॅलिब्रेशन गेलेलं असतं. मग एकाऐवजी दोन दुरुस्त्या.

थोडे आकडे आधीच डोक्यात असलेले बरे. युरोरॅकमध्ये (मॉड्यूलर सिंथचा प्रचलित प्रकार) आणि बऱ्याच जुन्या मोनोसिंथमध्ये (एका वेळी एकच स्वर वाजवणारे सिंथ) एका सप्तकाला १ व्होल्ट लागतो. म्हणजे एका सेमीटोनला ८३.३ मिलिव्होल्ट आणि एका सेंटला (सेमीटोनचा शंभरावा भाग) साधारण ०.८३ मिलिव्होल्ट. एकामागून एक वाजलेल्या स्वरांत ५ सेंटचा फरक तयार कानाला कळतो. दोन ऑसिलेटर एकत्र वाजत असतील, तर एक-दोन सेंटचा फरकसुद्धा संथ लहरीसारखा ऐकू येतो. चार मिलिव्होल्ट इकडचे तिकडे झाले की सूर हललाच. फिल्टरला, व्हीसीएला (आवाजाची पातळी ठरवणारा भाग), एन्व्हलपला चार मिलिव्होल्टचं काहीच सोयरसुतक नसतं. त्यामुळे केसमध्ये, म्हणजे मॉड्यूलच्या पेटीत, कुठेही काही बिघडलं तरी ते पहिल्यांदा ऑसिलेटरमधून ऐकू येतं आणि दोषाचा शिक्काही त्याच्यावरच बसतो.

आधी ऑसिलेटर एकटा पाडा

ऑसिलेटरला लावलेल्या सगळ्या पॅच केबल काढा. सिंकची, एफएमची (फ्रिक्वेन्सी मॉड्युलेशन), पल्स-विड्थची, सगळ्या. एफएमचा नॉब शून्यावर आणा. त्याच जॅकमध्ये आतून एलएफओ (संथ ऑसिलेटर) जोडलेला असेल, तर नॉब शून्यावर असूनही थोडा एलएफओ गळून येतो, हे ध्यानात ठेवा. पॉट (नॉबमागचा बदलता रेझिस्टर) जुना झाला की त्याचं शून्य खरं शून्य राहत नाही. आता ट्रँगल किंवा साईन आउटपुट ट्यूनरला द्या. सॉटूथ देऊ नका, तिच्या वरच्या हार्मोनिक्समुळे काही ट्यूनर भलतंच सप्तक दाखवतात. केस चालू करून अर्धा तास झाल्यावर दहा मिनिटं, दर दोन मिनिटांनी सेंटचा आकडा लिहून ठेवा.

आकडा जागेवर राहिला तर ऑसिलेटर निर्दोष आहे, दोष त्याला मिळणाऱ्या सीव्हीत, म्हणजे सूर ठरवणाऱ्या कंट्रोल व्होल्टेजमध्ये, आहे. एकाच दिशेने हळूहळू सरकत असेल तर तापमान. उड्या मारत असेल किंवा थरथरत असेल तर पॉवर, एखादा पॉट, नाहीतर जॅक. जॅकची शंका एका झटक्यात दूर होते: १ व्होल्टच्या इनपुटमध्ये दुसऱ्या टोकाला शॉर्ट केलेली केबल घाला. थरथर थांबली, तर केबल नसताना इनपुटला ग्राउंडशी जोडणारी जॅकमधली पट्टी मळलेली आहे आणि इनपुट अधांतरी लटकतोय. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा, प्लग वीसेक वेळा आत-बाहेर, काम झालं.

मग सीव्ही लावून १, २, ३, ४, ५ व्होल्टला स्वर बघा. इथेही चूक कशी पडते ते महत्त्वाचं. प्रत्येक सप्तकाला सारखाच फरक वाढत गेला, समजा ६, १२, १८ सेंट, तर स्केलची, म्हणजे सप्तकाच्या रुंदीची, गडबड. खालची सप्तकं बरोबर आणि फक्त वरची उतरलेली, तर उच्च फ्रिक्वेन्सीची गडबड. मधलेच दोन-तीन स्वर चुकले, बाकी ठीक, तर ऑसिलेटरचा काही संबंध नाही. सीक्वेन्सर (स्वरांची मालिका वाजवणारं यंत्र), मिडी-सीव्ही कन्व्हर्टर किंवा कीबोर्डकडे जा.

पहिला स्वर जुळतो आणि बाकी सगळं पार भलतीकडेच जातं, असं झालं तर काही बिघडलेलंच नाही. दोन यंत्रांचे नियम वेगळे आहेत. कॉर्गचा एमएस-२० आणि यामाहाचे सीएस-५, सीएस-१०, सीएस-१५, सीएस-३० हे हर्ट्झ-प्रति-व्होल्ट पद्धतीचे. त्यांत प्रत्येक सप्तकाला व्होल्टेज दुप्पट होतं: १, २, ४, ८. ट्रिमर कितीही फिरवा, ते १ व्होल्टच्या सीव्हीवर जुळणार नाहीत. मध्ये कन्व्हर्टर लागतोच. बुक्लाच्या २००ई मालिकेत एका सप्तकाला १.२ व्होल्ट. तिला युरोरॅकचा सीव्ही दिला की सप्तक मागितल्यावर दहाच सेमीटोन मिळतात.

हळूहळू सरकणारा सूर: तापमान

ॲनालॉग व्हीसीओच्या मध्यभागी एक्स्पोनेन्शियल कन्व्हर्टर असतो, आणि तो ट्रान्झिस्टरच्या बेस-एमिटरच्या स्वभावावर चालतो. खोलीच्या तापमानाला करंट दुप्पट करायला, म्हणजे एक सप्तक वर जायला, बेसवर सुमारे १८ मिलिव्होल्ट लागतात. पण हे १८ मिलिव्होल्ट केल्विनमधल्या तापमानाच्या प्रमाणात बदलतात. ३०० केल्विनच्या आसपास १ अंश वाढला की ०.३३ टक्के, म्हणजे एका सप्तकामागे ४ सेंट. केस उघडल्यावर ५ अंशांचा फरक सहज पडतो. भरपाई नसेल तर सप्तकामागे २० सेंट गेले.

म्हणूनच सर्किटमध्ये दोन वेगवेगळ्या भरपाया असतात. ट्रान्झिस्टरचा स्वतःचा सॅच्युरेशन करंटही तापमानाने झपाट्याने बदलतो; तो जुळवलेल्या जोडीतला दुसरा ट्रान्झिस्टर रद्द करतो. सप्तकाची रुंदी बदलते ती टेम्पको रेझिस्टर सांभाळतो. तो बहुधा १ किलोओहमचा असतो आणि दर अंशाला ३३०० ते ३५०० पीपीएमने (दशलक्षांशाने) वाढतो. निदानाला हा फरक फार उपयोगी पडतो. गरम होताना सगळे स्वर सारखेच सरकले, तर जोडीतले दोन ट्रान्झिस्टर एकाच तापमानाला नाहीत किंवा नीट जुळलेले नाहीत. सप्तकाची रुंदीच कमी-जास्त झाली, तर टेम्पकोकडे बघा.

किटमधून जोडलेल्या मॉड्यूलमध्ये टेम्पकोचा दोष हटकून एकच असतो: तो बोर्डावर बसवलेला असतो, पण ट्रान्झिस्टरच्या जोडीला टेकलेला नसतो. दोघांत हवेचा एक मिलिमीटर जरी राहिला, तरी टेम्पको खोलीचं तापमान मोजतो, ट्रान्झिस्टरचं नाही. दोन्ही एकमेकांवर टेकवा, मध्ये थर्मल पेस्टचा ठिपका द्या आणि वर हीट-श्रिंकचा तुकडा घाला. सुटे ट्रान्झिस्टर वापरले असतील, तर त्यांचेही सपाट चेहरे एकमेकांना चिकटवा. सुटे जुळवताना चिमट्याने धरा. बोटांची ऊब लागली की बेस-एमिटर व्होल्टेज अंशाला २ मिलिव्होल्टने पडतं आणि मोजमाप वाया जातं.

सीईएम३३४० ही व्हीसीओची चिप आणि तिच्या एएस३३४०सारख्या आजच्या प्रती यांत ही भरपाई चिपच्या आतच आहे, बाहेरचा टेम्पको लागत नाही. पण चिपशेजारचे रेझिस्टर आणि टायमिंग कपॅसिटर बाहेरच असतात. तिथे साधे कार्बन रेझिस्टर किंवा एक्स७आर सिरॅमिक कपॅसिटर कोणी टाकले, तर आतल्या भरपाईला अर्थ उरत नाही. तिथे १ टक्क्याचे मेटल फिल्म रेझिस्टर हवेत आणि सी०जी किंवा पॉलिस्टायरीन कपॅसिटर. पॉलिस्टायरीन सोल्डरच्या उष्णतेने वितळतो. पायाला चिमटा लावून झटपट टाका मारा.

सर्किट निर्दोष असूनही सूर सरकत असेल, तर मॉड्यूल कुठे बसवलंय ते पाहा. ऊब वर चढते. पॉवर सप्लायच्या किंवा व्हॅक्यूम ट्यूब मॉड्यूलच्या नेमक्या वर बसलेला व्हीसीओ दिवसभर तापत-थंडावत राहतो. पंख्याचा झोत, खिडकीतलं ऊन, अर्धवट उघडं ब्लँक पॅनेल, हे सगळं तितकंच वाईट. आणि गरम व्हायला वेळ द्या. चांगल्या मॉड्यूलला पंधरा-वीस मिनिटं पुरतात, जुन्या कीबोर्डला अर्धा ते पाऊण तास लागला तर बिघाड समजू नये.

सीव्ही कुठून येतो आणि वाटेत काय होतं

सगळ्यात जास्त वेळा दोष इथेच सापडतो, आणि ट्रिमरचे सगळ्यात जास्त बळीही इथेच पडतात. समजा, सीक्वेन्सरच्या आउटपुटला १ किलोओहमचा रेझिस्टर आहे आणि व्हीसीओचा इनपुट १०० किलोओहमचा. दोन्ही मिळून डिव्हायडर तयार होतो आणि १ व्होल्टातले ९९० मिलिव्होल्टच पोचतात. फरक १२ सेंटचा, दर सप्तकाला. आता पॅसिव्ह मल्टिपलमधून (एक सिग्नल अनेकांना वाटणारा साधा जोड) दुसरा व्हीसीओ जोडा. इनपुट ५० किलोओहम झाला, ९८० मिलिव्होल्ट पोचले. पहिला व्हीसीओ १ व्होल्टला आणखी १२ सेंट उतरला, ३ व्होल्टला ३५ सेंट. केबल काढली की पुन्हा चढला. "दुसरा ऑसिलेटर लावला की पहिला बेसूर होतो" ही तक्रार जवळजवळ दर वेळी हीच.

यावर तीन उपाय. बफर्ड मल्टिपल (प्रत्येक फाट्याला स्वतःचा ऑपॲम्प असलेलं) घ्या. किंवा सीव्हीचा स्रोत असा निवडा, ज्याचा आउटपुट रेझिस्टर ऑपॲम्पच्या फीडबॅकच्या आत आहे. त्यावर भार टाकला तरी व्होल्टेज हलत नाही. तिसरा उपाय फुकटचा: व्हीसीओ नेहमी ज्या जोडणीत वाजणार आहे त्याच जोडणीत कॅलिब्रेट करा आणि नंतर ती मोडू नका. बफर्ड मल्टिपलवर आंधळा विश्वास मात्र नको. स्वस्त ऑपॲम्पचा ऑफसेट ३-४ मिलिव्होल्ट सहज असतो. तो सगळ्या स्वरांना सारखा लागतो, म्हणून फाईन ट्यूनने निघतो. ज्या बफरचा गेन १.००० नसून ०.९९८ आहे, त्याच्यामुळे मात्र सप्तकामागे सव्वादोन-अडीच सेंट जातात, आणि ते फाईन ट्यूनने निघत नाहीत.

क्वांटायझर (व्होल्टेज जवळच्या सेमीटोनवर बसवणारा) नसलेला ॲनालॉग सीक्वेन्सर वापरत असाल, तर गणित करून पाहा: ५ व्होल्टचा पल्ला पॉटच्या २७० अंशांत. एका अंशाला २२ सेंट. नॉबला धक्का लागला, टेबल हललं, की सूर गेला. हा बिघाड नव्हे, रचनाच तशी आहे. क्वांटायझर लावा, नाहीतर पल्ला १ किंवा २ व्होल्टवर आणा.

व्हीसीओ निवडतानाही हाच हिशेब उपयोगी पडतो. एकाच कोर्स नॉबमध्ये दहा सप्तकं भरलेली असतील, तर ३०० अंशांत १२,००० सेंट, म्हणजे अंशाला ४० सेंट. तो नॉब जन्मभर त्रास देणार. सप्तकांसाठी क्लिक होणारा स्विच आणि वेगळा फाईन नॉब असलेलं मॉड्यूल थोडी जागा जास्त खातं, पण सूर त्यातच टिकतो.

उड्या आणि थरथर: पॉवर

सीक्वेन्सरचा दिवा लागला की सूर किंचित खाली, विझला की वर, हे लक्षण ग्राउंडचं आहे. रिबन केबल आणि कनेक्टर मिळून ०.०५ ओहम रेझिस्टन्स धरा आणि त्यातून डिजिटल मॉड्यूलचे २०० मिलिॲम्प जाऊ द्या. १० मिलिव्होल्ट तिथेच पडतात, म्हणजे १२ सेंट. सीव्ही पाठवणाऱ्या मॉड्यूलचं ग्राउंड आणि व्हीसीओचं ग्राउंड यांत तेवढा फरक पडला की व्हीसीओला तो सीव्हीचाच भाग वाटतो.

मोजायला सोपं आहे. मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवा. एक टोक व्हीसीओच्या जॅकच्या बाहेरच्या कडेला, दुसरं सीव्हीच्या मॉड्यूलच्या जॅकच्या कडेला. मध्ये पॅच केबल नको. एक-दोन मिलिव्होल्टपेक्षा जास्त दिसलं, किंवा दिव्याबरोबर आकडा नाचला, तर चोर सापडला. पिच सीव्ही देणारं मॉड्यूल आणि व्हीसीओ एकाच बसबोर्डवर (पॉवर वाटणाऱ्या बोर्डावर), शेजारशेजारच्या कनेक्टरवर आणा. भुकेली डिजिटल मॉड्यूल दुसऱ्या बसबोर्डवर किंवा सप्लायच्या तारा जिथे येतात त्या टोकाला हलवा. लोंबत्या रिबन केबलला पाच-सहा कनेक्टर दाबून बनवलेला बस व्हीसीओसाठी वापरूच नये.

सप्लायचा आकडा नेमका १२.००च हवा असं नाही, तो स्थिर हवा. बऱ्याच व्हीसीओत कोर्स ट्यूनचं व्होल्टेज थेट रेलवरून (सप्लायच्या १२ व्होल्टच्या लाइनवरून) घेतलेलं असतं. तिथे रेल १० मिलिव्होल्ट हलली आणि नॉब ५ व्होल्टवर असला, की ४ मिलिव्होल्ट, म्हणजे ५ सेंट सरकतात. रेलवर लिहिलेल्या क्षमतेच्या तीन-चतुर्थांशापेक्षा जास्त भार टाकू नका. १ ॲम्पच्या रेलवर ७५० मिलिॲम्प पुरे. रिबन केबल पुन्हा लावताना लाल पट्टी उणे १२ व्होल्टच्या बाजूला आहे ना, हे बोर्डावरची खूण बघून दोनदा तपासा. उलटी लागली तर ट्यूनिंगची चिंता संपते, मॉड्यूलच संपतं.

दोन व्हीसीओ जवळजवळ जुळले की एकमेकांना चिकटतात, हेही पॉवरचंच दुखणं. फाईन नॉब अगदी सावकाश फिरवा. लहर मंद मंद होत जाऊन अचानक थांबली, आणि नॉब थोडा पुढे नेईपर्यंत थांबलेलीच राहिली, तर एकाच्या रीसेटचा झटका रेलवरून दुसऱ्यापर्यंत पोचतोय. दोघांच्या पॉवर कनेक्टरजवळ १० मायक्रोफॅरड आणि प्रत्येक चिपजवळ १०० नॅनोफॅरडचे कपॅसिटर आहेत का बघा. नसतील तर बसवा आणि दोघांना लांबच्या कनेक्टरवर न्या.

आता ट्रिमर

वरचं सगळं नीट असेल तरच. मॉड्यूल केसमध्ये, झाकण शक्य तितकं बंद, अर्धा तास चालू. प्लास्टिकचा किंवा सिरॅमिकचा ट्रिमर पेचकस. स्केलचा ट्रिमर बहुतेक २५ फेऱ्यांचा असतो. किती फेऱ्या आणि कुठल्या दिशेने फिरवल्या ते लिहून ठेवा, परतीची वाट राहते.

साधा साडेतीन अंकी मल्टिमीटर २० व्होल्टच्या रेंजवर १० मिलिव्होल्टच्या पायऱ्या दाखवतो, म्हणजे १२ सेंट. या कामाला तो निरुपयोगी. शिवाय ०.५ टक्के अचूकतेचा मीटर ३ व्होल्टला १५ मिलिव्होल्ट चुकू शकतो. म्हणून जो कीबोर्ड किंवा सीक्वेन्सर रोज वापरता, त्यालाच प्रमाण माना आणि सगळे व्हीसीओ त्याच्याशी जुळवा. सगळी केस आपसात जुळलेली असेल, तर खऱ्या व्होल्टपासून दोन मिलिव्होल्टचा फरक कोणाला ऐकू येत नाही.

१. १ व्होल्ट द्या आणि ट्यून नॉबने ११० हर्ट्झ लावा.

२. ३ व्होल्ट द्या. ४४० यायला हवेत. समजा ४४६ आले. गुणोत्तर ४.०५५, दोन सप्तकांत २३ सेंट चढा. म्हणजे स्केल रुंद आहे.

३. स्केल ट्रिमर थोडा फिरवा. इथेच बहुतेक जण फसतात: ४४६ चे ४४० होईपर्यंत फिरवतात. ट्रिमरने खालचा स्वरही हलतो, कारण ट्यून नॉबचं व्होल्टेजही त्याच वाटेने जातं. म्हणून नुसता वरचा आकडा पाहू नका. पुन्हा १ व्होल्ट आणि ३ व्होल्ट दोन्ही मोजा. समजा १०७.८ आणि ४३३.६ आले. गुणोत्तर ४.०२२, चूक साडेनऊ सेंटवर आली. दिशा बरोबर आहे, त्याच दिशेने आणखी, पण आधीपेक्षा थोडं कमी फिरवा.

४. गुणोत्तर ३.९९८ ते ४.००२ मध्ये येईपर्यंत हेच करा. म्हणजे चूक एका सेंटच्या आत. चार-पाच वेळा तरी करावं लागतं.

५. आता १ व्होल्टला ११० लावा आणि ५ व्होल्टला बघा. १७६० यायला हवेत. उतरलेले असतील तर उच्च फ्रिक्वेन्सीचा ट्रिमर. त्यानंतर खालचं गुणोत्तर पुन्हा तपासा.

प्रत्येक वेळी हात काढून दहा-पंधरा सेकंद थांबा. बोर्डावर वाकून सोडलेला श्वासही ट्रान्झिस्टरच्या जोडीला कळतो.

वरचे स्वर उतरतात त्याचं कारण सॉटूथचा रीसेट. कपॅसिटर रिकामा व्हायला समजा अर्धा मायक्रोसेकंद लागतो. १७६० हर्ट्झला एक आवर्तन ५६८ मायक्रोसेकंदांचं, तिथे हा अर्धा मायक्रोसेकंद दीड सेंट खातो. ७०४० हर्ट्झला तोच ६ सेंट खातो. उच्च फ्रिक्वेन्सीचा ट्रिमर वरच्या स्वरांना तेवढा करंट जादा देऊन ही भरपाई करतो. ज्या मॉड्यूलमध्ये तो नाही, तिथे वरच्या सप्तकाच्या मागे लागून स्केल बिघडवू नका; ज्या तीन-चार सप्तकांत वाजवता तिथे बरोबर ठेवा आणि वरचं सोडून द्या.

ट्यूनर हाताशी नसेल तर दुसरा, आधी जुळवलेला व्हीसीओ चालतो. दोघांना मिक्सरमध्ये सारखं चढवा आणि लहरी मोजा. सेकंदाला एक लहर म्हणजे १ हर्ट्झचा फरक. ४४० ला तो चार सेंट होतो, ११० ला जवळजवळ सोळा. म्हणून लहर नेहमी वरच्या सप्तकात ऐका.

जुने कीबोर्ड

इथे ट्रिमरच्याही आधी वयाची दुखणी बघावी लागतात. पहिलं काम पॉवर रेल. मिनिमूगमध्ये अधिक-उणे १० व्होल्ट, एआरपी २६०० मध्ये अधिक-उणे १५. डीसी बघून झाल्यावर मीटर एसीवर ठेवून रिपल (डीसीवर उरलेली एसी लहर) बघा. नियंत्रित रेलवर तो काही मिलिव्होल्टच असावा. त्याहून जास्त असेल तर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळलेत. उघडण्याआधी प्लग काढा आणि मोठे कपॅसिटर रिकामे झालेत हे मीटरने बघा. जपानच्या बाजारासाठी बनलेली यंत्रं १०० व्होल्टवर चालतात. मागची पट्टी वाचल्याशिवाय प्लग लावू नका.

की सोडल्यावर सूर हळूहळू घसरतो, ही मोनोसिंथची खास तक्रार. की दाबलेली असताना व्होल्टेज थेट मिळतं. सोडल्यावर ते एका होल्ड कपॅसिटरवर साठवलेलं असतं. ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून अवघा १ नॅनोॲम्प गळला, तरी सेकंदाला १० मिलिव्होल्ट, म्हणजे १२ सेंट उतरतात. एवढी गळती बोर्डावरच्या जुन्या फ्लक्समधून, बोटांच्या ठशांतून आणि दमटपणातून होते. कपॅसिटर, शेजारचा एफईटी (ट्रान्झिस्टरचाच एक प्रकार) आणि बफरचा इनपुट हा भाग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि मऊ ब्रशने धुवा, पूर्ण वाळू द्या. बहुतेकदा एवढ्यावर भागतं. नाही भागलं तर एफईटी बदला, मग कपॅसिटर; तिथे फिल्मचाच हवा, इलेक्ट्रोलिटिक कधीच नाही.

एखादीच की कधी चुकीचा, कधी बरोबर स्वर देत असेल तर कॉन्टॅक्ट. तारांचे आणि बसबारचे कॉन्टॅक्ट अल्कोहोल लावलेल्या कापडी पट्टीने पुसा. सँडपेपर लावलात तर वरचा मुलामा जातो आणि दुखणं कायमचं होतं. पिच व्हीलचाही पॉट तपासा: व्हील सोडल्यावर दर वेळी थोड्या वेगळ्या जागी थांबत असेल, तर सगळा कीबोर्ड बेसूर वाटतो आणि ऑसिलेटरचा त्यात काही दोष नसतो. जुने उघडे कार्बन ट्रिमर साफ करत बसण्यापेक्षा सरमेटचे बसवलेले बरे.

पॉलिफोनिक यंत्रांत आधी एकेक व्हॉइस (एक स्वर वाजवणारं सर्किट) वेगळा ऐका. प्रोफेट-५ मध्ये ट्यूनचं बटण दाबलं की यंत्र स्वतःच सगळे ऑसिलेटर मोजून चूक लक्षात ठेवतं. थंड असताना दाबलं तर थंड असतानाची चूक लक्षात राहते; वीस मिनिटांनी पुन्हा दाबा. पहिल्या दोन आवृत्त्यांत एसएसएमच्या चिप होत्या, तिसरीत सीईएम आल्या, आणि तिसरी सूर जास्त धरते. घ्यायचा विचार असेल तर आवृत्ती विचारूनच पुढे जा. यामाहाच्या सीएस-८० ला मात्र ऑटोट्यून नाही. आठ व्हॉइस, प्रत्येकात दोन ऑसिलेटर, सगळं हाताने जुळवायचं. ज्याला दर काही महिन्यांनी पेचकस हातात घ्यायचा कंटाळा आहे त्याने त्या वाटेला जाऊ नये.

कॉर्ग पॉलीसिक्समध्ये ट्यूनिंग, मेमरी, कीबोर्ड सगळंच एकदम वेडंवाकडं वागायला लागलं, तर केएलएम-३६७ बोर्डावरची निकेल-कॅडमियम बॅटरी बघा. ती गळते आणि आजूबाजूचे ट्रॅक खाते. बॅटरी कापून काढा, हिरवटपणा पांढऱ्या व्हिनेगरने पुसा, मग पाण्याने, मग अल्कोहोलने; तुटलेले ट्रॅक तारेने जोडा. जागी सीआर२०३२ लावायची असेल तर चार्जिंगची वाट डायोडने बंद करा, लिथियम सेल चार्ज होता कामा नये.

रोलंड जुनो-६, ६० आणि १०६ मध्ये डीसीओ आहेत, त्यांची फ्रिक्वेन्सी डिजिटल घड्याळावरून येते. त्यामुळे एकटा व्हॉइस सुरातून सुटणं तिथे फारसं होतच नाही. १०६ चा एक व्हॉइस "बेसूर" वाटत असेल, करकरत असेल किंवा गायब होत असेल, तर ८००१७ए ही फिल्टर-व्हीसीएची चिप संशयित आहे.

हॅमंडच्या टोनव्हील ऑर्गनचं गणित अजूनच वेगळं. त्याची मोटर मेन्सच्या फ्रिक्वेन्सीवर फिरते. ६० हर्ट्झसाठी बनलेला ऑर्गन ५० हर्ट्झवर लावला, तर सगळा कीबोर्ड ३१६ सेंट उतरतो, तीन सेमीटोनांहून थोडा जास्त. व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मर लावून काही होत नाही, फ्रिक्वेन्सी बदलणारा कन्व्हर्टरच लागतो. ऱ्होड्स इलेक्ट्रिक पियानोला यातलं काही लागू नाही: तिथे प्रत्येक टाइनवर (स्वर देणाऱ्या धातूच्या काडीवर) छोटी स्प्रिंग असते, ती टोकाकडे सरकवली की स्वर उतरतो, मुळाकडे नेली की चढतो. एकच स्वर दर आठवड्याला उतरत असेल, तर स्प्रिंग सैल आहे, ती बदला.

जुनं यंत्र विकत घेताना ही सगळी तपासणी तिथे उभ्याउभ्या होत नाही, पण एवढं करा: गेल्या गेल्या, थंड असतानाच, सर्वात खालचा आणि सर्वात वरचा स्वर ट्यूनरवर बघून आकडे लिहा. बाकीचं बोलणं, बटणं, फिल्टर सगळं अर्धा तास चालू द्या. मग तेच दोन स्वर पुन्हा बघा. दोन्ही सारखेच सरकले असतील तर ते फाईन ट्यूनने निघेल. दोघांमधलं अंतरच बदललं असेल तर भरपाईचा भाग गेलाय. एआरपीच्या काही यंत्रांत व्हीसीओ एपॉक्सीत बुडवलेले आहेत; तिथे आतला एक ट्रान्झिस्टर बदलणं शक्य नसतं, अख्खा ठोकळा बदलावा लागतो. भाव ठरवताना तो खर्च धरूनच ठरवा.